जंगलातल्या बिळांचे मालक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जंगलात बीळ दिसलं की बहुतेक जण तीनच गोष्टी विचारतात: आत साप असेल का, चावेल का, आणि हे बुजवायचं कसं. बीळ खणलं कोणी, हा प्रश्न क्वचितच येतो. म्हणून आशियातल्या जंगलांपुरत्या या पानाची सुरुवात तिथूनच केली आहे. शेवटी बुजवण्याकडेही येऊच.

बिळात राहणारे सगळे प्राणी उंदराच्या जातीचे असतात का?

नाही. कुरतडणाऱ्या प्राण्यांचा, म्हणजे कृंतकांचा, गण ओळखायची खूण त्यांच्या तोंडात असते. वर दोन आणि खाली दोन असे पटाशीचे दात, त्यांच्यामागे मोकळी जागा, आणि मग दाढा. सुळे नसतातच. उंदीर, घूस, खार, साळिंदर, बांबू उंदीर हे सगळे या गणात येतात. सस्तन प्राण्यांच्या एकूण जातींपैकी सुमारे 40 टक्के जाती या एकट्या गणातल्या आहेत.

चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण ती कृंतक नाही. ती किडे खाणारी आहे आणि तिचे दात अणकुचीदार असतात. ससाही यात बसत नाही, कारण त्याच्या वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी दोन छोटे दात दडलेले असतात. शिवाय आपल्याकडचा रानससा बीळ खणतच नाही, गवतात दबून बसतो. खवले मांजर पट्टीचं खणणारं आहे, पण त्याला दातच नसतात. हेजहॉगच्या अंगावर काटे असतात म्हणून त्याला साळिंदराचा भाऊ समजतात. नात्याने तो साळिंदरापेक्षा चिचुंद्रीला जवळचा आहे.

दातांनी माती खणतात म्हणे. मग तोंडात माती जात नाही?

जात नाही, कारण दात ओठांच्या बाहेर असतात. बांबू उंदरासारख्या प्राण्यांचे ओठ पटाशीच्या दातांच्या मागे मिटतात. त्यामुळे तोंड बंद आणि दात बाहेर, अशा अवस्थेत ते माती कापतात, मुळं तोडतात आणि पायांनी माल मागे ढकलतात.

या दातांना पटाशी हे नाव कोणी दिलं माहीत नाही, पण त्याने सुताराचं काम नीट पाहिलेलं असणार. दाताच्या पुढच्या बाजूला कडक एनॅमल असतं आणि मागच्या बाजूला त्याहून मऊ भाग. कुरतडताना मागचा भाग लवकर झिजतो, पुढचा उशिरा, आणि धार आपोआप लागत राहते. दात आयुष्यभर वाढतात, म्हणून झिजणं त्यांना परवडतं. नव्हे, झिजावंच लागतं. समोरचा दात तुटला किंवा वाकडा वाढला की वरचा दात थेट टाळूकडे वळतो आणि प्राणी उपाशी मरतो. पुष्कळ जातींत दात पिवळे-नारिंगी दिसतात, ते एनॅमलमधल्या लोहामुळे.

सगळेच दाताने खणतात असं मात्र नाही. उत्तर चीन, मंगोलिया आणि सायबेरियात झोकोर नावाचा प्राणी आहे. तो बांबू उंदराच्याच कुळातला, पण त्याचं हत्यार पुढच्या पायांची लांब वाकडी नखं. जमिनीखालून मुळं खात जाताना तो नव्याने लावलेल्या पाइनच्या रोपांचंही नुकसान करतो. वनखात्यांचं आणि त्याचं त्यामुळे जमत नाही.

बांबू उंदीर म्हणजे नेमका कोणता प्राणी?

घरातला उंदीर डोळ्यांसमोर आणू नका. बांबू उंदीर म्हणजे आखूड पायांचा, जाड मानेचा, बारीक डोळ्यांचा, गोटीसारखा गुबगुबीत प्राणी. आशियात त्यांच्या चार जाती आहेत. सर्वांत लहान जात नेपाळपासून ईशान्य भारत, म्यानमार आणि थायलंडपर्यंत सापडते. तिचं वजन साधारण अर्धा ते पाऊण किलो. सर्वांत मोठी जात मलाय द्वीपकल्प आणि सुमात्राकडची, ती चार किलोपर्यंत भरते. म्हणजे चांगल्या मांजराएवढी.

बांबूच्या बेटाखाली बीळ खणायचं आणि वरचं बेट खालून खायचं, असा यांचा संसार. मुळं आणि कोंब हा मुख्य आहार. लहान जातीचे कान केसांत जवळजवळ लपलेले असतात आणि शेपूट आखूड असते. अरुंद बोगद्यात मागेपुढे करणाऱ्याला मोठे कान अडचणच. बिळाचं तोंड ते आतून मातीने बंद करतात. म्हणून बांबूच्या बनात ताज्या मातीचा ढीग दिसतो, पण भोक दिसत नाही, आणि पाहणारा चक्रावतो.

तोंड बंद केल्यावर आत गुदमरत नाहीत?

बंद बिळात ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. पावसात माती भिजली की हवेची ये-जा आणखी मंदावते. आपण तिथे थोड्याच वेळात डोकं धरून बसू. जमिनीखाली राहणाऱ्या कृंतकांच्या शरीराने हे अंगवळणी पाडून घेतलं आहे. या बाबतीत सर्वांत जास्त अभ्यास झाला आहे तो पश्चिम आशियातल्या आंधळ्या मोल उंदराचा. हाही बांबू उंदराच्याच कुळातला, पण जंगलापेक्षा उघड्या माळरानाचा. त्याचे डोळे कातडीखाली कायमचे झाकलेले असतात, आणि शेजाऱ्याला निरोप द्यायचा असेल तर तो बोगद्याच्या छताला डोकं आपटतो. जमिनीतून जाणारी थरथर हीच त्याची भाषा.

हवेची ही किंमत मोजून पदरात काय पडतं? तापमान. बाहेर उन्हाळा रणरणत असो की बर्फ पडत असो, हातभर खाली गेलं की दिवसरात्रीचा फरक जवळजवळ संपतो.

बिळात राणी आणि कामकरी अशी वसाहत असते का?

हा प्रश्न आफ्रिकेतल्या केशहीन मोल उंदरामुळे येतो. त्याची चित्रफीत सगळ्यांनी पाहिलेली असते. तो खरंच तसा राहतो, पण आशियात नाही. बांबू उंदीर आणि झोकोर बहुतांशी एकटे राहतात. पिल्लं वाढवणारी मादी सोडली तर एका बिळात एकच धनी.

साळिंदराचं घर वेगळं असतं. तिथे नर-मादीची जोडी आणि त्यांची पिल्लं एकत्र राहतात.

साळिंदर खरंच काटे फेकून मारतं का?

नाही. काटे म्हणजे रूपांतर झालेले केस, आणि केस नेम धरून फेकता येत नाहीत. कातडीत ते सैल बसलेले असतात, त्यामुळे अंग थरथरवलं की एखादा गळून पडतो. तेवढ्यावरून ही गोष्ट जन्माला आली असावी.

प्रत्यक्षात ते आधी इशारा देतं. शेपटीवर पोकळ काटे असतात, ते हलवले की खुळखुळ्यासारखा आवाज होतो. सोबत पाय आपटणं आणि गुरगुरणं. समोरचा तरीही हटला नाही तर साळिंदर पाठ फिरवतं आणि उलट्या पावली वेगाने त्याच्या अंगावर जातं. काटे रुततात आणि तिथेच राहतात. अननुभवी बिबटे आणि वाघही यात सापडतात. पंजात किंवा जबड्यात अडकलेल्या काट्याची जखम चिघळली तर शिकार करणं अशक्य होतं. उत्तराखंडातल्या कुमाऊंमधल्या काही नरभक्षक वाघांच्या अंगात साळिंदराचे काटे सापडल्याचं शिकारी-लेखक जिम कॉर्बेट यांनी नोंदवलं आहे.

साळिंदराच्या बिळापाशी हाडं का पडलेली असतात? ते मांस खातं का?

मांसासाठी नव्हे. मुळं, कंद, साली, पडलेली फळं हे त्याचं जेवण. हाडं आणि हरणांची गळलेली शिंगं ते कॅल्शियम व फॉस्फरससाठी कुरतडतं, आणि जाता जाता दातही घासले जातात. बिळाच्या तोंडाशी पटाशीच्या दातांचे समांतर ओरखडे असलेलं हाड दिसलं तर घरमालक कोण हे विचारायची गरज नाही.

भारतीय साळिंदराचं वजन 11 ते 18 किलो असतं, तेव्हा बीळही त्या मानाने प्रशस्त. मोजलेल्या एका बिळाची लांबी सुमारे 18 मीटर होती आणि जमिनीखाली दीड मीटरवर खोली होती. बाहेर पडायला एकापेक्षा जास्त वाटा असतात. ही जात तुर्कस्तान आणि इस्रायलपासून भारत-श्रीलंकेपर्यंत पसरलेली आहे, म्हणजे घनदाट जंगल तिची अट नाही.

तिच्या दोन सवयी मला विशेष आवडतात. चांदण्या रात्री साळिंदर बाहेरचा वावर कमी करतं, कारण उजेडात दिसणं त्याला धोक्याचं. आणि पाळलेल्या जोड्यांच्या निरीक्षणात असं आढळलं की नर-मादी जवळजवळ रोज समागम करतात, मादी गाभण असतानासुद्धा. 1988 सालच्या त्या अभ्यासात याचा संबंध जोडीचं नातं टिकवण्याशी जोडला होता. काटे सांभाळून हे कसं जमतं? मादी शेपूट वर करून काटे आडवे पाडते, नर मागच्या पायांवर उभा राहतो. पिल्लं जन्मतात तेव्हा काटे मऊ असतात.

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण खरी आहे का?

अगदी खरी. नाग, धामण किंवा अजगर यांना बीळ खणता येत नाही. ते दुसऱ्याचं वापरतात, कधी मालकाला खाऊन, कधी मालक सोडून गेल्यावर.

पण कधी कधी दोघे एकत्रही नांदतात. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात साळिंदराच्या बिळांमध्ये अजगर राहतात, आणि तेही साळिंदरं आत असताना. वटवाघळंही त्याच बिळात सापडली आहेत. थंडीत अजगर सकाळी तोंडाशी येऊन ऊन खातो आणि मग आत सरकतो. मोठं साळिंदर गिळणं अजगराला महागात पडतं, पिल्लाबद्दल मात्र हमी देता येणार नाही. बेडूक, विंचू, कोळी, घोरपडी हे भाडेकरू तर ठरलेलेच.

बीळ कोणाचं आहे हे कसं ओळखायचं?

हात घालून नाही, हे आधी. तोंडाशी कोळ्याचं जाळं शाबूत असेल तर त्या वाटेने अलीकडे कोणी गेलेलं नाही. कडा गुळगुळीत झालेली आणि माती ताजी असेल तर ये-जा चालू आहे. मोठं तोंड, बाहेर मातीचा उतार आणि आसपास पडलेला काळा-पांढरा काटा म्हणजे साळिंदर. त्याच्या लेंड्या लांबट असतात आणि पुष्कळदा एकमेकींना चिकटून माळेसारख्या पडतात. बांबूखाली भोक नसलेला ताजा ढीग म्हणजे बांबू उंदीर. तीन-चार बोटं मावतील अशी बिळं आणि त्यांना जोडणाऱ्या गवतातल्या पुसट वाटा दिसल्या तर रानउंदीर समजा.

थंड प्रदेशातल्या जंगलात हे प्राणी हिवाळा कसा काढतात?

सायबेरियापासून कोरिया आणि जपानच्या होक्काइडो बेटापर्यंत सायबेरियन चिपमंक राहतो. ही पट्ट्यापट्ट्यांची छोटी खार झाडावर चढते, पण हिवाळ्यात बिळात झोपते. अस्वलासारखी चरबी चढवण्याऐवजी तिचा भर साठ्यावर असतो. गालांच्या पिशव्यांत बिया भरभरून ती बिळात काही किलोंची बेगमी करते आणि जवळजवळ तिच्याच वर झोपते. मधूनमधून जाग येते, खाते, पुन्हा झोपते.

तिच्या रक्तात एक प्रथिन आहे, ज्याचं प्रमाण शीतनिद्रेच्या काळात घटतं. जपानी संशोधकांना असं आढळलं की ही घट बाहेरच्या थंडीवर अवलंबून नसते. कायम उबदार जागेत ठेवलं तरी वर्षाचं चक्र चालूच राहतं, म्हणजे घड्याळ आतच आहे. याच प्राण्याची आणखी एक विलक्षण सवय: मेलेला साप किंवा सापाची कात सापडली की ती चावून चघळून अंगाला फासायची. सापाचा वास अंगाला लागला की शत्रू चकतो, असं मानलं जातं.

बिया खाऊन हे प्राणी जंगल संपवत नाहीत का?

बिया खातात, यात शंका नाही. पण साठा करणारे दोन तऱ्हेचे. एक सगळं बिळातल्या कोठारात नेतात. तिथल्या बिया खोल गाडल्या जातात आणि बहुतेक वाया जातात. दुसरे एकेक बी जंगलात ठिकठिकाणी, पालापाचोळ्याखाली बोटभर खोल पुरतात. मालक मेला, विसरला किंवा पोट भरलं, की ते बी उगवतं. चीनच्या जंगलांत संशोधकांनी बियांना बारीक तारेने खुणेच्या पट्ट्या बांधून त्यांचा माग काढला आहे. एकच बी पुरलं जातं, उकरलं जातं, पुन्हा दुसरीकडे पुरलं जातं, असं त्यातून दिसलं.

झाडंही गप्प बसत नाहीत. ओकच्या फळांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं. जपानी रानउंदरांना एकदम फक्त ही फळं खायला घातली तर त्यातले बरेच मरतात. आधी थोडीथोडी देऊन सवय केली तर तगतात, कारण लाळेत टॅनिनला बांधून ठेवणारी प्रथिनं वाढतात आणि आतड्यातले काही जिवाणू टॅनिन तोडतात. वर्षानुवर्षं ज्यावर जगायचं तेच विष, अशी ही सोयरीक आहे.

बांबू फुलला की दुष्काळ येतो, ते या बांबू उंदरांमुळेच ना?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत जास्त चुकीचं उत्तर मिळणारा प्रश्न. मिझोरामच्या डोंगरांत मौताक नावाचा बांबू आहे. तो साधारण 48 वर्षांनी एकाच वेळी फुलतो, फळतो आणि मरतो. त्या वेळच्या संकटाला मिझो लोक मौताम म्हणतात. त्याची मोठी वर्षं 1911, 1959 आणि 2007 च्या आसपासची.

या बांबूचं फळ पेरूएवढं, मांसल असतं आणि ते टनावारी जमिनीवर पडतं. अन्न अचानक अमाप झालं की उंदरांची वीण थांबतच नाही. काही महिन्यांत फळं संपतात किंवा रुजतात, आणि वाढलेली फौज झूम शेतीतल्या, म्हणजे डोंगरउतारावर जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीतल्या, पिकत्या भातावर उतरते. एका रात्रीत शेत साफ. यात मुख्य हात असतो काळ्या उंदराचा, म्हणजे आपल्या घराच्या आढ्यावर पळणाऱ्या जातीचा. भराभर वाढणं हा त्याचा गुण. बांबू उंदीर सावकाश वाढणारा आणि एकटा राहणारा प्राणी आहे. उलट बांबूचं बन मेल्यावर त्याचंच ताट ओढलं जातं. नाव सारखं, म्हणून आळ त्याच्यावर.

1959 च्या मौतामच्या वेळी सरकारी मदत अपुरी पडली. 1960 साली दुष्काळनिवारणासाठी मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट उभी राहिली, 1961 मध्ये लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली तिची राजकीय संघटना झाली, 1966 मध्ये सशस्त्र उठाव झाला आणि शांतता करार व्हायला 1986 उजाडलं. डोंगर पोखरून उंदीर निघाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. इथे उंदरांनी डोंगरच पेटवला.

यांच्यापासून कोणते आजार होतात?

प्राणी पाहिला म्हणून आजार होत नाही. वाट वेगवेगळी असते आणि ती समजून घेतली तर काळजी घेणं सोपं जातं.

स्क्रब टायफस हा आशियातला महत्त्वाचा ताप. जिवाणू असतो माइट नावाच्या बारीक किड्यांत, आणि त्यांची अळी उंदरांच्या कानांवर पोसली जाते. माणूस झुडपात बसला की ती त्याला चावते. चाव्याच्या जागी काळी खपली धरते. रानातून आल्यावर ताप आला तर काखेत, जांघेत अशी खपली शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. वेळेत ओळखला तर औषध आहे.

लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून येतो. कोरियात 1951 ते 1953 च्या युद्धात तीन हजारांहून जास्त सैनिकांना रक्तस्रावी ताप आला. त्याचा विषाणू हो वांग ली यांनी 1970 च्या दशकात पट्टेवाल्या रानउंदरात शोधला. हंतान नदीवरून त्याला हंतान नाव पडलं. तो उंदरांच्या वाळलेल्या मलमूत्राच्या धुळीतून श्वासावाटे शिरतो, म्हणून बंद पडलेली झोपडी झाडण्याआधी पाणी शिंपडावं. माकडताप 1957 मध्ये कर्नाटकातल्या क्यासानूर जंगलातून ओळखला गेला. नाव माकडाचं, पसरवते गोचीड, आणि गोचिडीच्या पिल्लांना पोसण्यात छोट्या उंदरांचाही वाटा.

बांबू उंदराच्या नावावर एक बुरशी आहे. 1956 मध्ये व्हिएतनाममध्ये ती या प्राण्यात प्रथम सापडली. 1959 मध्ये तिच्यावर काम करणाऱ्या संशोधकाच्या बोटाला चुकून सुई टोचली आणि तोच पहिला मानवी रुग्ण ठरला. आज आग्नेय आशियात आणि मणिपूरमध्ये ही बुरशी मुख्यतः एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांना गाठते. ती उंदराकडून थेट माणसाला होते असं सिद्ध झालेलं नाही.

बांबू उंदीर खातात का?

आग्नेय आशिया, दक्षिण चीन आणि ईशान्य भारताच्या डोंगराळ भागांत खाल्ला जातो. चीनमध्ये त्याची शेतीही जोरात होती. फेब्रुवारी 2020 मध्ये जमिनीवरचे वन्य प्राणी खाण्यावर बंदी आली, तिच्यात पैदास केंद्रातले प्राणीही आले, आणि तो धंदा बसला.

आता नवीन जात सापडायची शक्यता आहे का?

आहे. 1996 मध्ये लाओसमधल्या बाजारात भाजीशेजारी विकायला ठेवलेला एक प्राणी अभ्यासकांच्या नजरेला पडला. स्थानिक लोक त्याला खा-न्यू म्हणत. 2005 मध्ये तो विज्ञानासाठी नवा म्हणून जाहीर झाला. दुसऱ्याच वर्षी लक्षात आलं की हा ज्या कुळातला आहे ते सुमारे 1 कोटी 10 लाख वर्षांपूर्वी संपलं असं मानलं जात होतं. तो बीळ खणत नाही, चुनखडीच्या कपारीत राहतो, पण त्याला वगळून हे पान पूर्ण करणं जिवावर आलं. आणि दूरच कशाला, कोंढाणा उंदीर 1975 मध्ये सिंहगडावरून वर्णिला गेला. तो मात्र बिळातलाच.

शेताला लागून जंगल आहे. साळिंदर कंद उकरतं. बिळात धूर केला तर?

करू नका. भारतात साळिंदराला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय धुराने आत आणखी कोण मरेल सांगता येत नाही, आणि बाहेर पडायची दुसरी वाट असल्यामुळे साळिंदर निसटण्याचीच शक्यता जास्त. विषाचं आमिष घुबडापर्यंत पोहोचतं, म्हणजे उंदरांचा फुकटचा शिकारी आपणच घालवतो. जाळीचं कुंपण करा, पण जाळी जमिनीत हातभर पुरा आणि तिचा खालचा भाग बाहेरच्या बाजूला वळवा. कुंपणाशी उकरणाऱ्याच्या पायाखाली जाळीच येते.

मग बीळ बुजवायचं असेल तर?

घराच्या पायाला किंवा बांधाला धोका असेल तरच. आधी तोंडात सुकं गवत सैल कोंबून ठेवा आणि तीन-चार रात्री वाट पाहा. गवत सरकलेलं दिसलं तर आत वस्ती आहे, पिल्लंही असू शकतात, त्यामुळे वनविभागाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. तसंच राहिलं तर आजूबाजूला दुसरं तोंड शोधा आणि तिथेही गवत लावा. दोन्हीकडे काही हाललं नाही तरी थंडीत घाई नको, कारण साप आठवडेच्या आठवडे बाहेर येत नाही.